गोळ्यांनी डिप्रेशन हटेना म्हणून टीएमएस घेतलं : तीस सिटिंगचा अनुभव

निशिगंध | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. हा माझा पहिलाच धागा. तीन महिन्यांपूर्वी मी इथे शोध घेतला तेव्हा टीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल टेकवून चुंबकाचे ठोके द्यायचा उपचार, घेतलेल्या माणसाचा मराठीत एकही अनुभव सापडला नाही, म्हणून माझा लिहून ठेवते.

मी ४८ वर्षांची, नाशिकला शाळेत गणित शिकवते. पहिल्यांदा डिप्रेशन आलं ते ११ वर्षांपूर्वी. गोळ्या घेतल्या, सहा महिन्यांत उठून उभी राहिले. दुसऱ्यांदा आलं ते मागच्या दिवाळीनंतर, आणि ते हलेचना. आधी एस्सिटालोप्राम, पूर्ण डोस, दहा आठवडे. मग ती बंद करून व्हेनलाफॅक्सिन. मग तिला जोड म्हणून मिर्टाझापिन. वजन सात किलो वाढलं, मन होतं तिथेच. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दोन तुकड्यांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर पडून होते आणि मी रोज त्यांच्याशेजारी नुसती बसायचे. एकदा जोर करून पहिली उत्तरपत्रिका उघडली. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं होतं, शेवटी दोनाने भागायचं राहिलं होतं. ही चूक आहे हे कळायला मला जवळजवळ दहा मिनिटं लागली. पंचवीस वर्षं मी हेच तपासते आहे. त्या दिवशी मी खरी घाबरले. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी टीएमएसचं नाव काढलं तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे शॉक का?" डॉक्टर नाही म्हणाले, नीट समजावलं, वाचायला कागदही दिला. पण घरात तो शब्द आमच्या आधी पोचला. सासूबाई म्हणाल्या, शॉक काय वेड्यांना देतात, हिला बाहेर कुठे फिरवून आण. त्या वाईट नाहीत, काळजीनेच बोलल्या. पण त्या एका शब्दापायी आमचे दोन महिने गेले, आणि ते दोन महिने फार वाईट होते. शेवटी पुण्याहून ताई आली, माझी बॅग भरली आणि मला कोथरूडला घेऊन गेली.

पहिल्या दिवशी सगळा वेळ मापं घेण्यात गेला. पोहायला जाताना घालतात तशी पांढरी टोपी डोक्यावर चढवली. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग डोक्याभोवती अशी टेप लावली आणि टोपीवर पेनने खुणा केल्या. केस कापावे लागत नाहीत. कानातलं आणि पिना तेवढ्या काढायच्या. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवून टेक्निशियन मुलगी एकेक ठोका देत गेली आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. पाच-सहा ठोके झाले आणि माझा अंगठा टुणकन उडाला. मी हलवला नव्हता. मी त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. कितीतरी महिन्यांत मला कशाचंच नवल वाटलं नव्हतं.

अंगठा जेमतेम उडायला जेवढी ताकद लागते ते आपलं माप. रोजचे ठोके त्याच्या १२० टक्के ताकदीने, आणि अंगठ्याच्या जागेवर नाही, तिथून पुढे, कपाळाच्या वर डावीकडे. ४ सेकंद ठोके, २६ सेकंद शांत. सेकंदाला १० म्हणजे एका फेरीत ४०. अशा ७५ फेऱ्या. ३००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. कानात बोळे घालूनही पत्र्यावर चोच मारल्यासारखा आवाज येतो. टाळूवर कुणी भराभर टिचक्या मारतंय असं वाटतं आणि डावी पापणी फडफडते. पहिले चार दिवस चांगलंच दुखलं, संध्याकाळी डोकं धरायचं. त्यांनी ताकद थोडी उतरवून पुन्हा हळूहळू चढवली, दुसऱ्या आठवड्यापासून सवय झाली. भूल नाही, झोपवत नाहीत, आपण जागे आणि बोलते असतो. उठलं की जिना उतरून रिक्षा.

आता मुख्य गोष्ट. पहिले दहा दिवस काहीही झालं नाही. ज्यांना हे घ्यायचंय त्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा. दर पाच सिटिंगनंतर नऊ प्रश्नांचा कागद भरून घेत, २७ पैकी गुण. सुरुवातीला माझे २२, दहा सिटिंगनंतर २१. त्या रात्री मी ताईला म्हणाले, उगाच लोकांचे पैसे आणि वेळ वाया घालवतेय, मला नाशिकला सोड. ती म्हणाली, तीस म्हणालेत ना, तीस करू.

सतराव्या दिवशी नंबर यायचा होता, मी बाकावर बसले होते. समोरचं कालनिर्णय मागच्याच महिन्याचं होतं. मी उठले, पान उलटलं आणि परत येऊन बसले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ताई मात्र माझ्याकडे बघून रडायला लागली. म्हणाली, तू पाच महिन्यांत आपणहून काही केलं नाहीस गं.

वीस सिटिंगनंतर १३ गुण आले, तिसाव्यानंतर ७. गोळ्या चालूच आहेत, टीएमएस चालू असताना त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. खर्च मला एका सिटिंगला २००० प्रमाणे ६०,००० आला. जागोजागी दर वेगळे असतात, आधी विचारून घ्या.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. नाव-गाव सोडून सगळं सांगेन.

सांजवात | रविवार, रात्री १०:१५

निशिगंधताई, वाचनखूण साठवली. माझ्या धाकट्या बहिणीचं तिसरं औषध चालू आहे. आमच्याकडेही "शॉक" म्हटलं की सगळे गप्प होतात. हा धागा आईला वाचून दाखवणार.

घाटमाथा | सोमवार, सकाळी ७:०५

छान लिहिलंय ताई, अशाच बऱ्या राहा. एक प्रश्न. आमच्याकडे प्रदर्शनात चुंबकाचे पट्टे, चुंबकाची गादी, डोक्याला बांधायचा बेल्ट असं विकतात. माझ्या वडिलांनी गादीला १८ हजार घातले. हे तेच तत्त्व आहे का? असेल तर टीएमएसला वेगळे पैसे कशाला?

डॉ. माळरान | सोमवार, दुपारी २:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. निशिगंधताईंनी उपचाराचं वर्णन अचूक केलंय, त्यात मला काही दुरुस्त करायचं नाही.

घाटमाथा, ते तत्त्व अजिबात तेच नाही, आणि फरक नेमका कुठे आहे ते समजून घ्या म्हणजे वडिलांनाही सांगता येईल. गादीतला चुंबक स्थिर असतो. स्थिर चुंबकाने वीज तयार होत नाही. चुंबकक्षेत्र बदललं तरच शेजारच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि आपल्या धरणावरचं जनित्र त्यावरच चालतं. टीएमएसच्या कॉइलमधून क्षणभर प्रचंड प्रवाह जातो. त्यातून दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं क्षेत्र तयार होतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत नाहीसं होतं. ह्या झपाट्याच्या चढउतारामुळे खालच्या मेंदूच्या पेशींत बारीक वीज निर्माण होते आणि पेशी उद्दीपित होतात. बाहेरून थेट वीज सोडली तर कवटी आणि कातडी अडवतात, दुखतंही फार. चुंबकक्षेत्राला हाड अडवत नाही. ही युक्ती १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली, आणि त्यांनीही पहिल्यांदा हाताचे स्नायूच हलवून दाखवले होते. डिप्रेशनचा विचार नंतरचा. मार्क जॉर्ज ह्यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-नियामकाची परवानगी २००८ ची.

नेहमीच्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोचतो. डिप्रेशनमध्ये कपाळाच्या डाव्या बाजूमागचा भाग मंदावलेला दिसतो, आणि त्या भागाचं मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, दुःखाशी जोडलेल्या केंद्रांशी दळणवळण असतं. वरच्या टोकाला रोज हलवत राहिलं की महिन्याभरात त्या जाळ्याची घडी बदलते, अशी आमची आजची समजूत आहे. पेशींची ही सवय बदलायला वेळ लागतो. म्हणून तर पहिले दहा दिवस काही होत नाही.

वडिलांवर रागावू नका. त्यांना बरं व्हायचं होतं.

तांब्याची तार | सोमवार, संध्याकाळी ६:५०

डॉक्टर, मी विद्युत अभियंता आहे, तुमचं फॅरडेचं सगळं मान्य. माझी शंका वेगळी आहे. जो माणूस महिनोन्महिने घराबाहेर पडला नाही, त्याला सहा आठवडे रोज ठराविक वेळी उठवून, कपडे करून, कुठेतरी नेलं, तिथे कुणीतरी पाऊण तास त्याच्याकडे लक्ष दिलं, तर मशीन बंद ठेवूनही त्याला बरं वाटेल. ह्याचं उत्तर कोणी काढलंय का? ताई, तुमच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे. पुढच्या माणसाने ६० हजार घालताना मला हे माहीत असावं असं वाटतं, म्हणून विचारतोय.

डॉ. माळरान | सोमवार, रात्री ११:१०

हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर काढलंय, आणि ते दोन्ही बाजूंनी सांगतो.

खोट्या कॉइलचे प्रयोग झालेत. आवाज तोच, टाळूवर टिचक्याही तशाच, फक्त चुंबकक्षेत्र मेंदूपर्यंत जात नाही. अमेरिकेत २०१० मध्ये १९० रुग्णांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या कॉइलच्या गटात सुमारे १४ टक्के पूर्ण बरे झाले, खोट्या गटात ५ टक्के. फरक खरा आहे, पण १४ म्हणजे १०० नव्हे. दुसरीकडे, २०१८ मध्ये तिथल्याच माजी सैनिकांचा १६४ जणांचा अभ्यास आला. त्यात खऱ्या गटात ४१ टक्के बरे झाले आणि खोट्या गटात ३७. म्हणजे तुमची शंका तिथे जवळजवळ जिंकली. रोजचं येणंजाणं आणि कुणीतरी विचारपूस करणं ही स्वतःच मोठी मात्रा आहे, हे मी माझ्या रुग्णांतही पाहतो.

प्रत्यक्ष दवाखान्यांतले आकडे जास्त चांगले दिसतात. २०१२ च्या ३०७ रुग्णांच्या नोंदीत डॉक्टरांच्या मोजणीनुसार ५८ टक्क्यांना ठळक फायदा आणि ३७ टक्के पूर्ण बरे. पण तिथे लोकांना आपण खरा उपचार घेतोय हे माहीत होतं, जोडीला गोळ्याही होत्या. कुणी तुम्हाला फक्त हेच आकडे दाखवले तर वरचे दोन अभ्यास विचारा.

मला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न : दोन औषधं लागू पडली नाहीत, आता तिसरं द्यायचं की टीएमएस? नेदरलँड्समध्ये नेमकं हेच तोलून पाहिलं, २०२४ मध्ये छापून आलं. ८९ रुग्ण. टीएमएसच्या गटात २७ टक्के पूर्ण बरे, औषध बदललेल्या गटात ५ टक्के. अभ्यास लहान आहे, पण आमच्या खोलीत रोज येणाऱ्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर आहे. अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं होतं, की पहिल्या औषधाने साधारण तिघांतला एक बरा होतो, पण तिसऱ्या-चौथ्या औषधापर्यंत ती शक्यता १३-१४ टक्क्यांवर घसरते. तरी आपल्याकडे रुग्ण पाचव्या, सहाव्या गोळीनंतर टीएमएसचं विचारायला येतात. पूर्ण डोस, पुरेसे आठवडे अशी दोन औषधं झाली आणि फरक नाही, तर पुढच्याच भेटीत हा विषय काढा. डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:२०

मी दुसरी बाजू लिहितो. निशिगंधताई, तुम्ही बऱ्या झालात ह्याचा मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

माझ्या मोठ्या भावाने मागच्या वर्षी टीएमएस घेतलं. ३० सिटिंग, एकही दिवस चुकवला नाही. फायदा शून्य. ज्या ठिकाणी घेतलं तिथे पहिल्या भेटीतच "आमच्याकडे ९० टक्के लोक बरे होतात" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तिसाव्यानंतर "अजून वीस घ्या" म्हणाले. कागद भरून घेणं, गुण मोजणं असलं काही नव्हतंच. दादाला वाटलं, ज्या दहा टक्क्यांना काहीच लागू पडत नाही त्यांतला मी. तो आणखी खचला. जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. "माझी आतडी सडली आहेत, मला वाढू नका" असं म्हणायला लागला.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला बघितल्या बघितल्या सांगितलं, हे टीएमएसचं काम नव्हतंच, ह्याला ईसीटी हवी. तोच तो शॉक. आम्ही सगळे हादरलो. पण भूल देऊन केलं, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देऊन केलं, सिनेमात दाखवतात तसं झटके खाणं वगैरे काही नाही. पायाचा अंगठा जरासा हलला म्हणे. तिसऱ्यानंतर त्याने भाकरी मागितली. आठ झाल्या. त्या महिन्यातलं त्याला फारसं आठवत नाही, पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो बघून विचारतो मी कुठे होतो. पण तो आज दुकानात बसतो.

तेव्हा "हा शॉक नाही, घाबरू नका" असं म्हणताना शॉकलाच राक्षस करू नका, एवढंच मागणं. आमच्या घरात शॉकनेच माणूस परत आणला.

निशिगंध | मंगळवार, दुपारी १२:४५

कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं पटलं. मी "शॉक नाही" हे सुटकेचा श्वास टाकल्यासारखं लिहिलं होतं. सासूबाईंची भीती मीही आत कुठेतरी बाळगूनच होते. दादांना माझा नमस्कार सांगा.

डॉ. माळरान | मंगळवार, रात्री ९:३०

कृष्णाकाठांचा प्रतिसाद ह्या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा आहे असं मी म्हणेन. नसलेलं खरं वाटणं, अन्नपाणी सुटणं, हालचाल थिजणं, जिवावर बेतणं, ह्यात ईसीटीच्या तोडीचं आजही काही नाही. टीएमएसला चार-सहा आठवडे लागतात आणि अशा रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदीच घातली आहे. ते जुनं चित्र डोक्यातून काढा.

आणि ९० टक्क्यांची हमी देणारी जागा दिसली की उठून या. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा : अंगठ्याचं माप घेणार का, गुण कधी आणि कसे मोजणार, आणि किती सिटिंगनंतर फायदा नाही असं समजून थांबणार.

सांजवात | मंगळवार, रात्री ११:५५

डॉक्टर, निशिगंधताई, कुणी जागं असेल तर. बहीण आज म्हणाली की टीएमएस वगैरे काही नको, माझी आता कुणी तयारी करू नका, मी सगळं आवरलंय. तिने पासबुकं आईच्या कपाटात नेऊन ठेवली. मला कळत नाहीये हे बोलणं आहे की खरंच.

डॉ. माळरान | बुधवार, रात्री १२:०४

खरंच आहे असं धरून चाला. तिला आज रात्री एकटं सोडू नका, त्याच खोलीत झोपा. गोळ्यांचा साठा, फवारणीची औषधं, ओढण्या-दोऱ्या तिच्या हातापासून लांब ठेवा. तिला सरळ विचारा, "मरायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार वाढत नाही, उलट ओझं उतरतं. आत्ता १४४१६ लावा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालतं, मराठीत बोलता येतं. तिने स्वतःला इजा करायची हालचाल केली किंवा तुम्हाला आवरेनासं वाटलं तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. नाहीतर उजाडताच तिच्या डॉक्टरांकडे. टीएमएसचा विषय आता बाजूला.

निशिगंध | बुधवार, रात्री १२:१०

मी जागी आहे. व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) माझा नंबर टाकलाय. फोन करा.

सांजवात | शुक्रवार, संध्याकाळी ५:२०

दोन दिवस लिहायला जमलं नाही. बहीण ॲडमिट आहे, झोपतेय, थोडं खातेय. विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. ताई त्या रात्री तीन वाजेपर्यंत फोनवर होत्या. आत्ता ह्यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

दूरदेशी | शनिवार, सकाळी ६:३०

सांजवात, तुम्ही विचारलंत आणि नेलंत, ह्याहून मोठं काही नसतं.

मी मेलबर्नला असते. इथे १ नोव्हेंबर २०२१ पासून औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी टीएमएस मेडिकेअर ह्या सरकारी आरोग्यविम्यात घेतलंय, पहिल्या कोर्सला ३५ सिटिंग. माझ्या नवऱ्याने घेतलं. त्याचं यंत्र वेगळ्या पद्धतीचं होतं, तीन मिनिटांतच संपायचं. मी पार्किंग लावून वर येईपर्यंत तो खाली उतरलेला असायचा. इतक्या कमी वेळात काय होणार असं आम्हाला वाटायचं. त्याला बऱ्यापैकी फायदा झाला, पूर्ण नाही. पण तो पुन्हा व्हायोलिन काढून बसतो, बेसूर का असेना, मला चालतं.

भारतात विम्यातून काही मिळतं का? नणंदेसाठी विचारतेय.

तांब्याची तार | शनिवार, सकाळी ११:००

विम्याचं मी खोदून काढलं. त्याच २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. पण बहुतेक पॉलिसी २४ तास भरती झाल्यावरच पैसे देतात आणि टीएमएसला कुणी भरती करत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली तिच्यात मेंदूत तार घालून करायचं डीबीएस आहे, टीएमएस नाही. नणंदेला म्हणावं, ओपीडी किंवा डे-केअरचं संरक्षण आहे का ते पॉलिसीत बघा, आधी लेखी विचारा, नकार आला तरी लेखी घ्या. लेखी नकार हातात असला की पुढे तक्रार करता येते.

आणि डॉक्टर, तीन मिनिटांचं गणित समजावाल का?

डॉ. माळरान | शनिवार, रात्री ८:१५

त्याला थीटा बर्स्ट म्हणतात. ठोके एकसारखे न देता तिनाच्या झुबक्यांत द्यायचे, असे सेकंदाला पाच झुबके. दोन सेकंद द्यायचे, आठ सेकंद थांबायचं. ६०० ठोके तीन मिनिटांच्या जरा वर संपतात. मेंदूच्या स्वतःच्या लयीशी हे जुळतं म्हणून कमी ठोक्यांत काम होतं असं मानतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीशी तुलना केली, २०१८ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, तीन मिनिटांची पद्धत कुठेही कमी पडली नाही. म्हणून आता आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी हीच वापरतात.

त्याच्या पुढची पायरी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची. रोज दहा सिटिंग, दर तासाला एक, पाच दिवसांत कोर्स पूर्ण. एमआरआयवरून प्रत्येकाची जागा वेगळी शोधतात. २०२१ च्या त्यांच्या अभ्यासात खऱ्या गटातले सुमारे ७९ टक्के पूर्ण बरे झाले, खोट्या गटात १३ टक्के. एफडीएने २०२२ मध्ये परवानगी दिली. हे ऐकून कुणाच्याही डोळ्यांत चमक येईल, पण एकूण रुग्ण होते २९. शिवाय ब्रिटनमध्ये २५५ रुग्णांच्या अभ्यासात एका गटात एमआरआयवर मेंदूतल्या जोडण्या बघून प्रत्येकाची जागा शोधली, २०२४ चा अभ्यास, तेव्हा साध्या एमआरआयवरून जागा ठरवलेल्या नेहमीच्या टीएमएसपेक्षा सरस काही निघालं नाही, दोन्ही गट सारखेच सुधारले आणि सहा महिने सुधारलेले राहिले. पाच दिवसांत बरं करण्याच्या नावाखाली लाखांचं पॅकेज कुणी पुढे केलं तर हे दोन्ही आकडे आठवा.

निशिगंध | शनिवार, रात्री ९:००

डॉक्टर, स्टॅनफर्डच्या एका सिटिंगला किती ठोके?

डॉ. माळरान | शनिवार, रात्री ९:०८

१८००. एकूण ५० सिटिंग.

निशिगंध | शनिवार, रात्री ९:१५

म्हणजे ९०,०००. माझे ३० गुणिले ३०००, तेही ९०,०००! मला सहा आठवड्यांत, त्यांना पाच दिवसांत. हे वहीत मांडून बघितलं आणि खूप दिवसांनी आकडे जुळल्याचा आनंद झाला.

घाटमाथा | रविवार, सकाळी ८:३०

वडिलांना दाखवलं सगळं. ते म्हणाले, मला विचार डॉक्टरांना, माझ्या छातीत पेसमेकर आहे, मला चालेल का? म्हणजे त्यांना मनातून हवंय हे मला आज कळलं. गादी त्यांनी पाठदुखीसाठी घेतली असं आम्ही धरून चाललो होतो.

डॉ. माळरान | रविवार, दुपारी १:००

पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही ठोका नको. डोक्यात धातू असेल, म्हणजे रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, तर टीएमएस नाहीच. दातातल्या चांदीला हरकत नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. टीएमएसमुळे फिट येण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे, पण रात्रीचं जागरण, दारू, बुप्रोपिऑनसारखी औषधं ह्यांनी धोका वाढतो.

पण घाटमाथा, टीएमएस राहू दे. तुमच्या वडिलांना आधी साध्या तपासणीची गरज आहे. ह्या वयात थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघायचं. कदाचित त्यांना पहिल्याच गोळीने बरं वाटेल. अजून त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

निशिगंध | रविवार, दुपारी ३:२०

जागरणाचं मी सांगते. चौथ्या आठवड्यात मुलाला भेटायला नाशिकला गेले, रात्रभर डोळा लागला नाही, पहाटेच्या एसटीने थेट क्लिनिकला आले. त्या मुलीने रोजच्यासारखं विचारलं, झोप झाली का? मी नाही म्हणाले तर तिने मशीन सुरूच केलं नाही, मला घरी पाठवलं. मी फार चिडले होते. आता तिचे आभार मानते.

निशिगंध | चार महिन्यांनंतर, गुरुवार, रात्री ८:५०

धागा वर काढते आहे, कारण व्यनित बऱ्याच जणांनी विचारलं की टिकलं का.

तीन महिने फार छान गेले. शाळेत रुजू झाले. मग गणपतीनंतर पहाटे तीनला जाग यायला लागली. मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती. ह्या वेळी लपवलं नाही, आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. कागद भरला, १२ गुण. त्यांनी दहा सिटिंग सुचवल्या. आज चौथी झाली. ह्या वेळी सासूबाई स्वतः पुण्याला सोबत आल्यात. बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसतात आणि बाहेर आले की विचारतात, आज दुखलं का गं.

डॉ. माळरान | गुरुवार, रात्री १०:००

हे अपेक्षेत बसणारं आहे, घाबरू नका. ज्यांना पहिल्यांदा फायदा होतो त्यांतल्या बऱ्याच जणांचा तो वर्षभर टिकतो, काहींना मध्ये असा हात द्यावा लागतो. पहिल्यांदा लागू पडलं असेल तर दुसऱ्यांदा पडण्याची शक्यता चांगली असते. तुम्ही १२ वर आलात, २२ ची वाट बघितली नाहीत.

सांजवात | शुक्रवार, सकाळी ९:१०

बहीण घरी येऊन दहा आठवडे झाले. बरी आहे, पण अर्धीच. डॉक्टरांनी आता टीएमएस सुचवलंय, पुण्यातच, पुढच्या सोमवारपासून. ती तयार आहे, फक्त त्या टोपीला आणि आवाजाला घाबरते.

निशिगंध | शुक्रवार, सकाळी ९:२५

माझ्या सिटिंग पुढच्या शुक्रवारपर्यंत आहेत, त्यामुळे सोमवारी मी पुण्यातच. वेळ आणि पत्ता व्यनिमध्ये टाका. पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ बसते. माझे कानातले बोळे जादा आहेत, मऊ आहेत, तेही आणते.